जंगलातल्या झाडांची समष्टी आनुवंशिकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समष्टी आनुवंशिकी म्हणजे नेमकं काय?

एकाच जातीची झाडं एका भागात वाढतात आणि एकमेकांच्या परागाने फळतात, तेव्हा त्या सगळ्यांची मिळून एक समष्टी होते. त्या समष्टीत एकेका जनुकाचे प्रकार किती, कोणता प्रकार किती प्रमाणात आहे आणि पिढ्यानुपिढ्या हे प्रमाण कशामुळे हलतं, याचा हिशेब मांडणारं हे शास्त्र आहे. प्रमाण हलवणारी कारणं चार: उत्परिवर्तन, नैसर्गिक निवड, पराग आणि बियांबरोबर होणारी जनुकांची ये-जा, आणि निव्वळ योगायोग. जनुकाच्या एकेका प्रकाराला पुढे सगळीकडे ‘अलील’ म्हटलं आहे.

नियम सगळ्या सजीवांना सारखेच असतील, तर झाडांचा वेगळा अभ्यास कशासाठी?

नियम तेच आहेत, पण झाडं त्या नियमांना टोकाला नेतात. फळमाशीची पिढी दोन-तीन आठवड्यांत उलटते. ओकच्या झाडाला पहिली फळं धरायलाच तीस-चाळीस वर्षं लागू शकतात. ओकवर काम करणारा संशोधक आयुष्यभर एका पिढीच्याही पुढे जात नाही. शिवाय उभ्या जंगलात शंभर वर्षांचं झाड, त्याचं मूल आणि त्या मुलाचं रोप एकाच वेळी जिवंत असतात. पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

दुसरी गोष्ट परागाची. वाऱ्यावर परागण होणारी जंगलं एकेका हंगामात अफाट पराग सोडतात आणि त्यातला काही फार लांब पोचतो. तिसरी गोष्ट, बहुतेक झाडांना स्वतःचा पराग मानवत नाही. डग्लस फरच्या झाडावर मुद्दाम स्वपरागण घडवलं तर बहुतेक बिया पोकळ निघतात. प्रत्येक झाडाच्या पोटात दडलेली घातक अलील जोडीने एकत्र येतात आणि गर्भ मरतो. असं ओझं झाडं पिढ्यानपिढ्या वाहतात, कारण परक्या परागामुळे ते झाकलेलं राहतं.

आणि एक महत्त्वाचं: ही झाडं माणसाने घडवलेली नाहीत. गहू किंवा भात आपण हजारो वर्षं निवडत आलो. जंगलातलं झाड आजही आपल्या जागेशी स्वतःच जुळवून घेतं. निसर्गातली निवड प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायला याहून चांगली जागा थोड्याच असतील.

या अभ्यासाची सुरुवात कुठून झाली?

सुरुवात जनुक हा शब्दही नव्हता तेव्हा झाली, आणि ती प्रयोगशाळेत नव्हे तर मातीत झाली. अठराव्या शतकात युरोपातल्या आरमारांना डोलकाठ्यांसाठी सरळ, उंच स्कॉट्स पाइन हवे होते. फ्रेंच नौदलासाठी काम करणाऱ्या द्युआमेल द्यू मोन्सो यांनी त्या शतकाच्या मध्याला उत्तर युरोपासह वेगवेगळ्या भागांतून या पाइनचं बी मागवून फ्रान्समध्ये शेजारी-शेजारी लावलं. पुढे १८२० च्या दशकात फिलिप-आंद्रे द व्हिलमोरँ यांनी ले बार इथे असाच प्रयोग अधिक शिस्तीने उभा केला. एकाच मातीत, एकाच पावसात वाढूनही वेगवेगळ्या ठिकाणच्या बियांची झाडं वेगळी दिसली: कुठली सरळ, कुठली वाकडी, कुठली जलद वाढणारी. फरक बियांतच होता.

अशा लागवडीला आज प्रोव्हेनन्स चाचणी म्हणतात. वनसंशोधन संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ, म्हणजे आययूएफआरओ, १८९२ मध्ये स्थापन झाला आणि १९०७ मध्ये त्याने स्कॉट्स पाइनची पहिली आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू केली. एकाच ठिकाणांचं बी अनेक देशांत, ठरलेल्या पद्धतीने लावलं गेलं.

मग वाद सुरू झाला. झाडांच्या ‘जाती-उपजाती’ ठिकाणागणिक तुटक असतात, की फरक हळूहळू बदलत जातो? स्वीडनच्या ओलोफ लांग्लेट यांनी १९३६ मध्ये देशभरातल्या स्कॉट्स पाइनच्या रोपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुयांमधल्या कोरड्या भागाचं प्रमाण दक्षिणेकडून उत्तरेकडे सलग बदलत होतं. मध्ये कुठेही कुंपण नव्हतं. दोन वर्षांनी ज्युलियन हक्सली यांनी अशा सलग उताराला ‘क्लाइन’ हे नाव दिलं. झाडांच्या आनुवंशिकीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शोध हाच आहे, आणि तो लागला तेव्हा डीएनएची रचना माहीत व्हायलाही सतरा वर्षं बाकी होती.

गणित १९०८ पासून होतं, मग झाडांवर त्याचा वापर इतका उशिरा का?

समष्टीतल्या अलीलच्या प्रमाणाचा मूळ हिशेब देणारा हार्डी आणि वाइनबर्ग यांचा नियम १९०८ चा. फिशर, हाल्डेन आणि सीवल राइट यांनी पुढच्या पंचवीस वर्षांत पाया घातला, आणि समष्टींमधला फरक मोजायचं राइट यांचं एफ-मापन १९५० च्या सुमारास पक्कं झालं. पण या समीकरणांना अलीलचं प्रमाण लागतं. झाडांची उंची, खोडाचा सरळपणा, कळी धरण्याची तारीख यांतून एका जनुकाचं अलील वेगळं काढता येत नाही. वाटाण्यासारखा संकर करून पाहावा, तर नातवंडं बघायला अर्धं शतक थांबावं लागतं. समीकरणं तयार होती, आत भरायला आकडेच नव्हते.

मग आकडे कधी मिळाले?

१९६६ मध्ये. त्या वर्षी लेवोन्टिन आणि हबी यांनी फळमाशीवर आणि हॅरिस यांनी माणसांवर एक साधी युक्ती वापरली. एन्झाइम जेलमध्ये ठेवून विजेचा प्रवाह सोडला, की त्याचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या वेगाने सरकतात. रंग दिला की पट्टे दिसतात, आणि प्रत्येक पट्टा म्हणजे एका अलीलची खूण. संकर नको, पिढ्यांची वाट नको. पानाचा किंवा बियांचा थोडासा रस पुरतो.

१९७० च्या दशकात ही पद्धत जंगलांत पोचली आणि सूचिपर्णी झाडांनी तिला अनपेक्षित देणगी दिली. पाइन किंवा स्प्रूसच्या बीत गर्भाभोवती जे अन्न साठवलेलं असतं, ते आईच्या गुणसूत्रांच्या एकाच संचाचं असतं, बापाचा त्यात भाग नसतो. त्यामुळे एकाच बीचे दोन भाग वेगळे तपासता येतात. भोवतालच्या ऊतीतून आईने या बीला नेमकं कोणतं अलील दिलं ते कळतं. गर्भातून ते वजा केलं की उरतं ते परागाने आणलेलं. एका झाडाच्या आठ-दहा बिया पाहिल्या की आईकडच्या दोन अलीलची पूर्ण जोडी बहुधा समजते आणि आसपासच्या हवेत कोणता पराग फिरत होता त्याचाही हिशेब लागतो. प्राण्यांवर काम करणाऱ्यांना अशी सोय कधीच नव्हती. पाइनच्या जंगलांवर इतकं काम लवकर झालं त्यामागे लाकडाचं अर्थकारण होतंच, पण या बीचाही मोठा वाटा होता.

त्या पहिल्या लाटेतून काय निष्पन्न झालं?

दोन गोष्टी, आणि दोन्ही आजवर टिकल्या आहेत. झाडांमध्ये आनुवंशिक विविधता भरपूर असते. आणि त्यातली बहुतेक प्रत्येक जंगलाच्या आतच असते, दोन जंगलांमधल्या फरकात फार थोडी. हॅमरिक आणि गॉट यांनी १९८९ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले. दीर्घायुषी काष्ठी वनस्पतींमध्ये एकूण विविधतेपैकी जेमतेम ८ टक्के समष्टी-समष्टींमध्ये वाटलेली होती. वर्षायू वनस्पतींमध्ये हाच आकडा सुमारे ३६ टक्के निघाला. लांब जाणारा पराग, मोठ्या समष्टी, स्वपरागणाची नावड आणि लांबलचक आयुष्य, सगळी कारणं एकाच दिशेने ओढतात.

याला अपवाद आहेत का?

आहेत, आणि ते फार बोलके आहेत. कॅलिफोर्नियातल्या टॉरी पाइनच्या जगात दोनच नैसर्गिक समष्टी आहेत, एक किनाऱ्यावर आणि एक बेटावर. लेडिग आणि कॉन्कल यांनी १९८३ मध्ये एन्झाइमची ५९ जनुकस्थळं तपासली. प्रत्येक समष्टीत सगळी झाडं तंतोतंत सारखी निघाली. दोन समष्टींमध्ये फरक होता तो फक्त दोन स्थळांवर. उत्तर अमेरिकेतला रेड पाइन तर हजारो किलोमीटर पसरलेला, तरी जवळजवळ एकसाची. भूमध्य समुद्राभोवती सर्वत्र दिसणारा स्टोन पाइनही तसाच. अशा जाती भूतकाळात कधीतरी मूठभर झाडांपर्यंत आकसल्या असाव्यात, आणि नंतरचा विस्तार हरवलेली अलील परत आणू शकला नाही.

यावरून लोक लगेच विचारतात की विविधता गेली म्हणजे जात संपली का? तसं नाही. रेड पाइनची जंगलं आजही उभी आहेत. पण रोग आला की हिशेब बदलतो. इंग्लिश एल्म हे बहुतांशी एकाच झाडाचे फुटवे आहेत आणि रोमन लोकांनी ते सोबत नेले होते, असं २००४ मध्ये डीएनएवरून दाखवण्यात आलं. १९७० च्या दशकात डच एल्म रोग आला तेव्हा ब्रिटनमध्ये ही झाडं ओळीने मेली. एकाला लागू पडणारी बुरशी सगळ्यांनाच लागू पडली.

एन्झाइमवर सगळी जंगलं सारखी दिसतात आणि चाचणीच्या शेतात ती वेगळी वाढतात. मग खरं कोणतं?

दोन्ही. हा प्रश्न या शास्त्राचा कणा आहे, म्हणून थोडं थांबून पाहू.

स्कॉट्स पाइन घ्या. उत्तरेकडचं बी आणि दक्षिणेकडचं बी एकाच रोपवाटिकेत पेरलं तर उत्तरेकडची रोपं काही आठवडे आधी वाढ थांबवून कळी धरतात. उत्तरेत थंडी लवकर येते, आणि दिवस किती लहान झाला यावरून ती रोपं वेळ ओळखतात. हा फरक रक्तात भिनलेला आहे आणि तो जीवन-मरणाचा आहे. दक्षिणेचं बी फार उत्तरेला नेलं की कोवळे शेंडे गारठून मरतात. फिनलंडमध्ये १९९६ साली याच झाडांवर निरनिराळे रेणवीय मार्कर, म्हणजे एन्झाइम किंवा डीएनएतल्या ओळखखुणा, लावून पाहिले, तेव्हा उत्तर-दक्षिणेत जवळपास काहीच फरक दिसला नाही.

उलगडा असा. आपण वापरतो ते बहुतेक मार्कर निवडीच्या दृष्टीने तटस्थ असतात. झाडाच्या जगण्याशी त्यांचा संबंध नसतो, म्हणून ते फक्त मिसळण्याची गोष्ट सांगतात: पराग किती फिरला, समष्टी किती मोठ्या होत्या. कळी कधी धरायची हे मात्र असंख्य जनुकं मिळून ठरवतात. थंडी त्या प्रत्येक जनुकाचं प्रमाण किंचित सरकवते, पण सगळ्यांना एकाच दिशेला. दोन वर्गांतल्या मुलांचे गुण एकेका विषयात अर्ध्या-एका गुणाने वेगळे असावेत आणि विषय दोनशे असावेत, तसं हे आहे. विषयवार पाहिलं तर फरक नगण्य, बेरजेत मोठी दरी. लाटा, ल कोर आणि क्रेमर यांनी हे गणिताने दाखवलं आणि प्रत्यक्ष मोजमापांनी त्याला दुजोरा दिला. म्हणून आज संशोधक दोन आकडे शेजारी ठेवतात. मार्करवरचा फरक म्हणजे एफएसटी, गुणधर्मातला आनुवंशिक फरक म्हणजे क्यूएसटी. दुसरा पहिल्यापेक्षा बराच मोठा असेल तर निवडीने त्या गुणधर्माला ठिकाणागणिक वेगळं वळण दिलं, असं समजतात.

याचा व्यावहारिक अर्थ मला कितीदाही सांगावासा वाटतो. ‘मार्करमध्ये फरक नाही, तेव्हा कुठलंही बी कुठेही लावा’ हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत जंगल मोजतं, तीही वीस-तीस वर्षांनी, एखाद्या कडक हिवाळ्यात किंवा दुष्काळात. प्रयोगशाळा कितीही पुढे गेली तरी चाचणीच्या शेताला अजून पर्याय सापडलेला नाही.

फरक बियांत असतो तो नेहमी जनुकांतलाच असतो का?

बहुतेक वेळा, पण एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. नॉर्वेत थंड भागातल्या नॉर्वे स्प्रूसची मातृवृक्षं बी चांगलं यावं म्हणून उबदार दक्षिणेतल्या बीजबागांत लावली. त्यांची रोपं आई-बापांच्या मूळ गावच्या रोपांपेक्षा उशिरा वाढ थांबवू लागली, जणू ती दक्षिणेचीच. गर्भ घडत असताना बाहेर किती उष्ण होतं त्याची आठवण रोपात राहते, असं योन्सेन आणि स्क्रॉप्पा यांच्या प्रयोगांतून दिसून आलं. डीएनएची अक्षरं तीच राहतात, त्यांचा वापर बदलतो.

हरितलवकाच्या डीएनएने काय नवीन दिलं?

भूगोल दिला. पेशीकेंद्रातला डीएनए आई-बाप दोघांचा असतो, पण हरितलवकाचा सहसा एकाचाच. बहुतेक सपुष्प झाडांत तो आईकडून येतो, म्हणजे फक्त बीबरोबर प्रवास करतो. पाइनच्या कुळात उलट आहे. तिथे हरितलवक परागाबरोबर येतो आणि तंतुकणिकांचा डीएनए आईकडून. डेव्हिड नील आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे डग्लस फर आणि लॉब्लॉली पाइनमध्ये सिद्ध केलं. त्यामुळे बीचा मार्ग आणि परागाचा मार्ग वेगवेगळे वाचता येऊ लागले.

सर्वांत मोठं फळ युरोपातल्या ओकवर मिळालं. रेमी पेटी आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २६०० हून अधिक समष्टींतून नमुने घेतले आणि २००२ मध्ये नकाशा मांडला. हिमयुगात ओक आयबेरिया, इटली आणि बाल्कन या तीन द्वीपकल्पांत तग धरून होते. बर्फ हटल्यावर ते तिथून उत्तरेला सरकले आणि कोणती वंशरेषा कोणत्या वाटेने गेली हे आजच्या झाडांवरून दिसतं.

त्याच नकाशात एक चकित करणारी गोष्ट होती. एकाच जंगलातल्या दोन वेगळ्या जातींच्या ओकमध्ये बहुधा एकच हरितलवक सापडतो, आणि त्याच जातीच्या दूरच्या झाडात वेगळा. जातींचा संकर होऊन पराग दुसऱ्या जातीचा येत राहतो, पण हरितलवक आधी पोचलेल्या जातीचाच राहतो. वनस्पतीच्या जातींना घट्ट भिंती असतात या समजुतीला याने मोठा धक्का दिला.

पुढच्याच वर्षी पेटी यांच्या गटाने युरोपातली २२ झाडं-झुडपं एकत्र पाहिली. अपेक्षा होती की सर्वांत जास्त विविधता दक्षिणेच्या आश्रयस्थानांत असेल. दक्षिणेतल्या समष्टी एकमेकींपासून खूप वेगळ्या निघाल्या, पण एका जंगलाच्या आत सर्वाधिक विविधता मध्य युरोपात होती, जिथे वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या वंशरेषा एकमेकींना भेटल्या. जतनाची जागा निवडताना हा मुद्दा फार मोलाचा आहे.

झाडं इतक्या वेगाने उत्तरेला पोचली कशी?

हा कोडं म्हणून १८९९ मध्ये क्लेमेंट रीड यांनी मांडलेला प्रश्न आहे: जड बी असलेला ओक उत्तर ब्रिटनपर्यंत हिमयुगानंतरच्या थोड्या वेळात कसा गेला? पक्ष्यांनी अधूनमधून लांब नेलेली बी हे एक उत्तर. दुसरं २००५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बीच आणि मेपलच्या हरितलवकावरून मिळालं. काही झाडं बर्फाच्या कडेजवळच लहान संख्येने टिकून होती, त्यामुळे त्यांना इतकं धावावं लागलंच नाही. त्यांचा खरा वेग वर्षाला १०० मीटरहून कमी असावा. आजच्या हवामान बदलाच्या वेगापुढे हा आकडा फार तोकडा आहे.

पराग प्रत्यक्षात किती लांब जातो?

१९९० च्या दशकात मायक्रोसॅटेलाइट मार्कर आले. डीएनएतले हे छोटे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे झाडागणिक इतके वेगळे असतात की रोपाचा बाप ओळखता येतो. आखलेल्या क्षेत्रातल्या सगळ्या झाडांशी रोपं ताडून पाहिली तेव्हा ओकच्या जंगलांत अर्ध्याहून अधिक रोपांचा बाप क्षेत्राबाहेरचा निघाला. जवळचं झाडच बाप असेल हा अंदाज कोसळला.

सर्वांत लांबचा पल्ला अंजिराच्या कुळात सापडला. नामिबियातल्या उगाब नदीकाठी सायकोमोर अंजिराची झाडं वाळवंटात एकमेकांपासून दूर उभी आहेत. त्यांचं परागण जेमतेम एक-दोन दिवस जगणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या करतात. २००९ च्या अभ्यासात या माश्यांनी पराग १६० किलोमीटरहूनही लांब नेल्याचं दिसलं. वाऱ्यावर स्वार होऊन त्या जातात.

बी मात्र सहसा आईजवळ पडते. म्हणून जंगलात काही दहा मीटरांच्या आत नातेवाईक झाडं सापडतात, आणि शेजारच्या दोन झाडांचं बी घेतलं तर ते बहीण-भावांचं असण्याची शक्यता बरीच असते.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांचं काय? तिथे एका जातीची झाडं फार विरळ असतात ना?

म्हणूनच एकेकाळी समज होता की तिथली झाडं स्वपरागणावर भागवत असतील. कमलजित बावा यांनी १९७४ मध्ये कोस्टा रिकाच्या जंगलातलं काम प्रसिद्ध केलं आणि चित्र उलटं निघालं. बहुसंख्य जातींना स्वतःचा पराग चालत नव्हता किंवा नर-मादी झाडंच वेगळी होती. पुढे एन्झाइम मार्करनी हेच आकड्यांत दाखवलं. मधमाश्या, वटवाघळं, पतंग आणि पक्षी विरळ झाडांमध्ये पराग नेतात.

सागावरचं काम या भागातलं माझं आवडतं उदाहरण आहे. भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या नैसर्गिक पट्ट्यातून १९७० च्या दशकात बी गोळा करून अनेक उष्ण देशांत चाचण्या लावल्या गेल्या. नंतर डीएनए मार्करनी दाखवलं की भारतातला साग थायलंड-लाओसच्या सागापासून स्पष्ट वेगळा आहे आणि भारतीय समष्टींत विविधता जास्त आहे. शेतातला फरक आणि मार्करचा फरक इथे एकाच दिशेला बोट दाखवतात, कारण या समष्टी दीर्घकाळ एकमेकींपासून तुटलेल्या होत्या.

तरीही उष्ण कटिबंधातल्या बहुसंख्य जातींवर एकही असा अभ्यास झालेला नाही. पाइन, स्प्रूस, ओक, पॉपलर आणि निलगिरी यांच्यावर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या मानाने बाकीचं जंगल कोरंच आहे.

जंगलाचे तुकडे झाले तर विविधता लगेच घटते का?

मोठ्या झाडांत पाहिलं तर बहुधा नाही, आणि यात फसगत होते. आज उभी असलेली मोठी झाडं तुकडे होण्याच्या आधी जन्मली आहेत. त्यांच्यात जुन्या, सलग जंगलाचीच विविधता आहे. परिणाम पाहायचा तर रोपांकडे पाहावं लागतं: त्यांच्यात स्वपरागण वाढलं आहे का, बाप किती वेगवेगळे आहेत.

दुसरीकडे, तुकड्यांमुळे परागाचा प्रवास काही ठिकाणी वाढतो. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ डिनिझिया एक्सेल्सा या महाकाय झाडावर क्रिस डिक यांनी काम केलं. कुरणात एकट्या उरलेल्या झाडांचा पराग आफ्रिकी मधमाश्यांनी तीन किलोमीटरहून लांब नेला. त्यावरून ‘एकटं झाड जिवंत पण निरुपयोगी’ हा शेरा घाईचा ठरतो. अशी झाडं तुकड्यांमधला दुवा असतात आणि तोडणीच्या यादीत त्यांचं नाव सर्वांत शेवटी असायला हवं. पण एकाच झाडाच्या बियांनी सगळं शेत भरलं, तर पुढची पिढी सावत्र भावंडांची होते.

शेकडो वर्षं जगणाऱ्या झाडात उत्परिवर्तनं साचत असतील ना?

अपेक्षेपेक्षा खूपच कमी. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथल्या २३४ वर्षांच्या ‘नेपोलियन ओक’च्या दोन दूरच्या फांद्यांचा पूर्ण डीएनए ताडून पाहिला, तर २०१७ च्या त्या अभ्यासात खात्रीने सापडलेले फरक १७ होते. वाढत्या टोकाच्या पेशी फार जपून विभागतात असं दिसतं.

संपूर्ण जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, वाचल्यामुळे काय बदललं?

पहिलं झाड पॉपलर, २००६ मध्ये. त्याचा जीनोम सुटसुटीत, पन्नास कोटी अक्षरांच्या आसपास. सूचिपर्णींना आणखी सात वर्षं लागली. २०१३ मध्ये नॉर्वे स्प्रूस वाचला गेला. सुमारे २००० कोटी अक्षरं, म्हणजे माणसाच्या सहापटीहून जास्त, पण जनुकं इतर वनस्पतींएवढीच. बाकीचा पसारा स्वतःच्या नकला करत जाणाऱ्या डीएनएचा. पुढच्या वर्षी लॉब्लॉली पाइन आला, आणि २०१८ मध्ये ओक.

आधी दहा-वीस मार्करवर जे अंदाज बांधत होतो ते आता लाखो जागांवर तपासता येतात. कोणती जागा तटस्थ आणि कोणती निवडीखाली, हे वेगळं काढण्याची आशा निर्माण झाली.

मग अनुकूलनाची जनुकं सापडली का?

काही. स्वीडनमधल्या अ‍ॅस्पेनमध्ये दिवसाच्या लांबीशी निगडित एफटी२ जनुकाच्या भागात कळी धरण्याच्या वेळेतला मोठा आनुवंशिक फरक सामावलेला आहे, असं २०१८ मध्ये दिसलं. इतकं ठळक जनुक मिळणं विरळच. बहुतेक गुणधर्मांत एकेका जनुकाचा वाटा इतका लहान की तो पकडायला हजारो झाडं लागतात. त्यात झाडांच्या डीएनएत शेजारच्या जागा एकमेकींशी फार कमी बांधलेल्या असतात, त्यामुळे जवळून जाणारा मार्करही जनुकाचा पत्ता देत नाही.

कॅनडातल्या एका मोठ्या प्रकल्पाने लॉजपोल पाइन आणि स्प्रूस यांची तुलना केली. या दोघांचे पूर्वज सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही थंडीशी जुळवून घेताना दोघांनी ४७ सामाईक जनुकं वापरलेली दिसली. २०१६ चं हे काम वाचताना उत्क्रांतीच्या वाटा काही बाबतींत किती ठरलेल्या असतात याने थक्क व्हायला होतं.

हवामान बदलतंय. बी स्थानिकच लावावं की उष्ण भागातून आणावं?

स्थानिक बी उत्तम, हे सूत्र स्थिर हवामानासाठी बरोबर होतं. आता जागा तीच राहते पण तिचं हवामान पुढे निघून जातं. ब्रिटिश कोलंबियात १९७४ मध्ये लॉजपोल पाइनच्या १४० ठिकाणांचं बी ६० जागी लावलं होतं. लाकूड जास्त कुठून मिळेल हे पाहायला लावलेली ही चाचणी आज हवामानाचा उत्तम प्रयोग ठरली आहे. एकच बी थंड आणि उष्ण जागी कसं वाढतं याचे आलेख त्यातून निघाले आणि त्या प्रांताने अंतराऐवजी हवामानाच्या जुळणीवर बियांचे नियम बेतायला सुरुवात केली.

आजकाल ‘जीनोमिक ऑफसेट’ नावाचं गणित लोकप्रिय आहे. आजच्या हवामानाशी जुळलेली अलील आणि उद्याच्या हवामानाला लागणारी अलील यांत किती अंतर पडेल ते हे गणित सांगतं. नकाशे सुंदर येतात. पण शेतात उगवलेल्या झाडांवर पडताळा घेतल्याशिवाय त्यावर लागवडीचे निर्णय सोपवू नयेत असं माझं ठाम मत आहे. थोडं पुढचं हवामान पाहून, जवळच्या किंचित उष्ण भागाचं बी स्थानिक बियांत मिसळणं हा आज सर्वांत समंजस मार्ग दिसतो. फार लांबची उडी घेतली की दिवसाच्या लांबीचं गणित चुकतं आणि रोपं पहिल्याच थंडीत सापडतात.

जतनासाठी किंवा रोपवाटिकेसाठी बी किती झाडांवरून घ्यावं?

शंभरात पाच प्रमाणाने असलेलं अलील किमान एकदा तरी हाती लागावं अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर यादृच्छिक ६० प्रती पुरतात. प्रत्येक झाडात दोन प्रती, म्हणजे साधारण ३० झाडं. ती एकमेकांना खेटून नकोत. बी पडण्याच्या अंतरापेक्षा लांब असावीत, नाहीतर तीस झाडं मोजूनही भावंडंच गोळा होतात. प्रत्येकाकडून साधारण सारखं बी घ्यावं आणि भरभरून फळलेल्या वर्षी घ्यावं, कारण त्या वर्षी बाप जास्त असतात. एकट्या उभ्या झाडाचं बी मुख्य साठ्यात मिसळू नये, वेगळं ठेवावं. प्रत्येक पिशवीवर जागा, उंची, तारीख आणि झाडांची संख्या लिहावी. उगमाची नोंद नसलेलं बी कितीही चांगलं उगवलं तरी पुढच्या संशोधनाला त्याचा उपयोग होत नाही.

मार्कर स्वस्त झाले आहेत, तर आता नव्या चाचण्या लावायची गरज आहे का?

आहे, आणि तातडीने. डीएनए वाचणं दर वर्षी सोपं होतंय, पण वीस वर्षांचं झाड वीस वर्षांनीच मिळतं. जुन्या चाचण्यांच्या जागा अनेक ठिकाणी तोडल्या गेल्या किंवा त्यांच्या नोंदी हरवल्या. उरलेल्या जागांचे नकाशे, मूळ बियांच्या यादीसकट, शोधून जपणं हे नव्या रोपांइतकंच महत्त्वाचं काम आहे. ज्या जातींवर काहीच झालेलं नाही, त्यांच्यासाठी निदान तीन-चार वेगळ्या हवामानांत लहान चाचण्या लावाव्यात आणि लावतानाच प्रत्येक रोपाच्या पानाचा तुकडा वाळवून ठेवावा.